उजव्या चाकाचा हिरवा दिवा

बाकीच्या आयांची झोप कशाने उडते? शाळेचा प्रवेश, कांजिण्या, भाजीचा डबा तसाच परत येणं. माझी कशाने उडायची ते ऐका. विमानाचं चाक खाली आलंच नाही तर, या काळजीने. आणि विमान म्हणजे तिकीट काढून दिल्लीच्या लग्नाला जातो ते नव्हे. आमचं. घरचं. आमच्या घरातल्या माणसाने हडपसरच्या एका शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बनवलेलं.

आत्ताच हसू नका. हसायची जागा पुढे आहे, आणि तिथे विमानाला नाही, मला हसायचंय. मी जो घोळ घातला तो इतका व्यवस्थित, इतका पद्धतशीर होता, की कंपनीत असता तर मला त्यावर बढती मिळाली असती.

तर माझा नवरा मकरंद. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. लग्न ठरताना त्याने मला दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या होत्या. एक, मला वांगं चालत नाही. दोन, मी एका मित्राबरोबर विमान बनवतोय. मी पहिलीचीच काळजी करत बसले. दुसरी मला थट्टा वाटली. लग्नानंतर पहिल्याच रविवारी तो मला शेडमध्ये घेऊन गेला तेव्हा कळलं की वांग्याचं एक वेळ जमलं असतं.

मित्र म्हणजे सलीमभाई. दोघं शाळेपासूनचे. सलीमभाईंचं हडपसरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आणि त्यामागची त्यांच्या चुलत्यांची शेड हेच विमानाचं माहेर. कागदावरचे नकाशे अमेरिकेतून मागवलेले, पंप कुणाच्या तरी भावाच्या सुटकेसमधून आलेला, आणि बाकी सगळं या दोघांच्या रविवारांतून. माझ्याही रविवारांतून, पण ते कुठल्या नकाशात दाखवलेलं नाही.

मी स्वतः हडपसरलाच एका कॉम्प्युटर कंपनीत होते. ते दिवस असे होते की सोमवारी ज्या शेतात कोबी बघावा तिथे पुढच्या दिवाळीला काचेची इमारत. त्यातल्याच एका इमारतीत मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. याचा मला पगार मिळायचा. मकरंद म्हणतो, घरी तू हेच काम हौसेने करतेस.

आता त्या चाकांचं. साध्या विमानांची चाकं खाली लटकलेली असतात, सायकलसारखी. आमच्या विमानाची पोटात जाणारी होती.

"कशाला पण?" मी विचारलं होतं.

"वेग वाढतो."

"पोचायचंय कुठे एवढ्या घाईने?"

त्यावर सलीमभाई म्हणाले, "वहिनी, बाहेर लटकलेली बरी दिसत नाहीत." बास. म्हणजे दिसण्यासाठी.

मकरंदने मला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि तीच त्याची चूक झाली. पंप तेल ढकलतो, तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पायाला. पायाला मध्ये एक गुडघा असतो. पाय पुरता खाली आला की गुडघा ताठ होतो आणि तसाच अडकून बसतो, म्हणजे जमिनीला टेकल्यावर पाय परत दुमडत नाही. गुडघा अडकला की वैमानिकासमोर हिरवा दिवा लागतो. तीन पाय, तीन दिवे. तिन्ही हिरवे दिसले की उतरायचं.

"आणि दोनच लागले तर?"

"तर विचार करायचा."

"हवेत?"

"मग काय घरी येऊन?"

त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. आम्ही राहतो विश्रांतवाडीला. तिथे संध्याकाळी डोक्यावरून विमानं उतरायला जातात, इतकी खालून की दोरीवरचे कपडे हलल्यासारखे वाटतात. मी गॅलरीत उभी राहून त्यांची चाकं मोजायची. सगळी खाली आलेली दिसली की मगच कुकर लावायची. मकरंदने एकदा विचारलं, कोण येणार आहे का त्यातून. मी म्हटलं, नाही, सहज.

घरात आमच्याबरोबर सासूबाई. आणि इरा, आमची मुलगी, तेव्हा पहिलीत. सासूबाईंसमोर मी मकरंदला अहो म्हणते आणि त्या वळल्या की अरे. एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं धूड उभं केलंय, येणारा-जाणारा बघतो. लिंबू-मिरची तरी बांधा गं त्याला."

मग काय, मला संधीच मिळाली. मी तिथेच ताटावरून वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर बोलायला लागले. यंत्र कसं तेलाच्या दाबावर चालतं, नजरेवर नाही. मुलांसमोर असलं बोललं की त्यांच्या मनावर काय परिणाम होतो. आमटीच्या वाटीत चमचा बुडवून मी दाब म्हणजे काय तेही दाखवलं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी इराच्या डाव्या पायाकडे बघितलं. तिच्या घोट्याला काळा दोरा होता, मण्यासकट.

"ती फॅशन आहे," मी म्हटलं. "हल्ली सगळ्याच मुली घालतात."

"हो का," सासूबाई म्हणाल्या, आणि ताक वाढून घेतलं.

खरं तुम्हाला सांगते, कारण सासूबाई इथे नाहीत. ती फॅशन नव्हती. इराला लहानपणी सारखा ताप यायचा तेव्हा मी तो बांधला होता, आणि मग तो काढायचा धीर कधी झाला नाही. काढला आणि काही झालं तर? दोरा जुना झाला की मी गुपचूप नवा बांधायची. त्याच महिन्यात इरा शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत शेवटची आली होती आणि आठवडाभर फुगून बसली होती. तेव्हाही मी मनात म्हटलं, पडली तर नाही ना.

आणि अशात चुलत्यांनी शेडची जागा विकली. अर्थातच काचेची इमारत. महिनाअखेर शेड रिकामी करून द्यायची होती. त्याच्या आधीच्या शनिवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्यांनी हो म्हटलं की विमान तिथून थेट धावपट्टीवर हलवायचं. नाही म्हटलं, तर पंख काढायचे, सगळं सुटं करायचं आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून टाकायचं, जिथे एका स्कूटरच्या स्टँडवरून सभा बोलावतात.

मकरंद फार बोलणाऱ्यांतला नाही. पण त्या आठवड्यात हात धुताना तो एवढंच म्हणाला, "एकदा सुटं केलं ना, की मी ते परत जोडणार नाही. मला माझं माहितीये."

मी त्याच्याकडे बघितलं. नखांत काळं तेल, केसांत पत्र्याचा कीस, आणि चेहरा इराचा शर्यतीनंतर झाला होता तसा. मला त्या विमानाची कितीही भीती वाटत असली तरी ते पार्किंगमध्ये पडलेलं मला नको होतं. म्हणजे आता मला दोन काळज्या झाल्या. ते उडेल ही एक आणि उडणार नाही ही दुसरी.

आता चाक. विमान लाकडी घोड्यांवर उचलून ठेवलेलं होतं, म्हणजे पाय दुमडून आणि सरळ करून बघता येतील. डावं चाक झकास. पुढचं झकास. उजवं आपलं आचके देत, थांबत थांबत यायचं, नावडत्या पाहुण्याला दार उघडायला जावं तसं.

"तेलात हवा शिरलीये," मकरंद म्हणाला. मग तपासणीच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी दोघांनी मिळून हवा काढली. लाल तेल एका मुरंब्याच्या बाटलीत बुडबुडे सोडत येत होतं आणि दोघं मुलाचं पहिलं पाऊल बघावं तसे त्याच्याकडे बघत होते.

आणि मी? मी त्या सकाळी मंडईत गेले होते. कैऱ्या घ्यायला. निदान घरी मी तसं सांगितलं होतं. मंडईच्या बाहेर एक बाई काळे दोरे घेऊन बसतात.

"बाळासाठी का?" त्यांनी विचारलं.

आता यांना काय सांगायचं? "हो," मी म्हटलं.

"किती महिन्यांचं?"

"आठ वर्षं झाली."

"मग हा जाड न्या. दांडगट असेल."

"आहे थोडं."

तर असा तो जाड दोरा, मधोमध हरभऱ्याएवढा काळा मणी. दुपारी कैऱ्यांची पिशवी घेऊनच शेडमध्ये गेले. हे दोघं हवा काढून दमले होते, चहाला नाक्यावर गेले. शेडमध्ये मी, इरा आणि विमान. मुलींना डाव्या पायात बांधतात, मुलांना उजव्या, विमानाचं कुणी ठरवून ठेवलेलं नाही. पण आजारी पाय उजवा होता. मी वाकून आत हात घातला. कुठे बांधावा? गुडघ्यालाच. लेकराचं पहिलं काय फुटतं, गुडघाच ना? तिथे ग्रीस इतकं होतं की काळा दोरा काळ्या ग्रीसमध्ये दिसेनासा झाला. मी मनात म्हटलं, बरं झालं, कुणाला कळायचंही नाही.

"आई, काय करतेस?" इराने विचारलं.

"काही नाही. बघतेय."

"हाताने?"

पहिलीतल्या मुलीला उत्तर द्यायचं नसलं की कैरी कापून द्यावी. मी दिली.

दुसऱ्या दिवशी रविवारी चाचणी. पाय वर गेले, पोटात बसले. मग मकरंदने कळ खाली केली. पंप घुरघुरला. डावा हिरवा. पुढचा हिरवा. उजवं चाक या वेळी आचके न देता छान सरसरत खाली आलं. आणि दिवा? नाही.

"हवा राहिलीये," मकरंद म्हणाला.

"मक्या, हवा मी स्वतः काढलीये," सलीमभाई म्हणाले. "एक बुडबुडा दाखव, मिशी उतरवतो."

"मग दिवा का लागत नाही?"

"तो मला काय विचारतोस? मिशीपुरतं विचार."

आता इथे कुठल्याही शहाण्या बाईच्या डोक्यात काय आलं असतं? की काल आपण तिथे काहीतरी बांधलं आणि आज तिथेच काहीतरी अडतंय. मी शहाणी आहे. एम.एस्सी. आहे. माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? की बघा, दोरा होता म्हणून चाक निदान खाली तरी आलं.

आणि पुढच्या वेळी ते दोघं चहाला गेले तेव्हा मी त्याच्यावर दुसरा बांधला. मंडईतल्या बाईंनी जोडीच दिली होती.

त्यानंतर तर उजवं चाक दिसायला खाली यायचं, पण पंप थांबायलाच तयार नाही. एरवी पाय ताठ झाले, तेलाचा दाब भरला, की तो आपोआप बंद व्हायचा. आता तो नुसता घोंगावत राहिला. शेवटी सलीमभाईंनी वायर काढली तेव्हा गप्प बसला.

"आता मी बघते," मी म्हणाले.

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे. इरासुद्धा ते ऐकलं की स्वतःची खेळणी उचलून ठेवते. मी म्हटलं, तुम्ही दोघं वाटेल तिथे हात घालता. शोधायची एक पद्धत असते. मुळापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि अंदाजाने काही बोलायचं नाही. सोमवारपासून ऑफिस सुटलं की मी रिक्षाने शेडवर. पंजाबी ड्रेसवर मकरंदचा जुना शर्ट, केसांना रुमाल, हातात टॉर्च.

सलीमभाई बिचारे पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, एकदा तो गुडघा पुसून बघू का? दिवा तिथूनच लागतो."

गुडघा पुसला की दोरे दिसणार. दोरे दिसले की मकरंद सासूबाईंना सांगणार. आणि सासूबाई मला आमटीची वाटी पुढे करून म्हणणार, पुन्हा एकदा दाब समजावून सांग बघू.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "गुडघा शेवटी. आधी पंप."

"पण पंप तर फिरतोय."

"फिरतोय म्हणजे बरोबर फिरतोय असं नाही."

सलीमभाईंनी मकरंदकडे बघितलं. मकरंदने खांदे उडवले. नवरे अशा वेळी किती कामाचे असतात पाहा.

मग आम्ही पंप उघडला. पंप ठणठणीत. पुन्हा बसवला. ऑइल सील बदलले. माझ्या ऑफिसातला एक मुलगा अमेरिकेहून परतत होता, त्याला मी मेल करून आणायला लावले होते. तो बिचारा विमानतळावर तासभर समजावत होता की या रबराच्या रिंगा कशासाठी. सील बदलूनही तेच. मग डावीकडचा दिवा काढून उजवीकडे लावला. लागला नाही. उजवीकडचा डावीकडे लावला. तो लागला. मग वायरिंग. मग तेलच सगळं बदललं. ते लाल तेल माझ्या ड्रेसवर असं काही सांडलं की रिक्षावाला म्हणाला, ताई, आधी दवाखान्यात जाऊ.

आणि दर वेळी मी शेवटी सलीमभाईंना ठणकावून सांगायची, बघा, सगळं नीट आहे, म्हणजे तुमच्या वेल्डिंगमध्येच काहीतरी वाकडं आहे. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्याकडे पर्मनंटच या. मी तुमच्या ऑफिसला जाऊन बसतो. एसी तरी आहे."

मकरंदने बुधवारी इंटरनेटवर विचारून बघितलं. तेव्हा इंटरनेट लावायचं म्हणजे तो मोडेमचा डबा आधी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडायचा आणि घरातला फोन बंद पडायचा. घरच्या घरी विमानं बनवणाऱ्या लोकांचा तिकडे एक गट होता. दुसऱ्या दिवशी एका अमेरिकन आजोबांचं उत्तर आलं. मकरंदने मोठ्याने वाचलं, "चांगलं चाललेलं बिघडलं, त्याच्या लगेच आधी त्या जागी कुणी हात लावला होता का, हे आधी विचारा."

"किती बाळबोध," मी म्हणाले.

तुम्हाला सांगते, हा प्रश्न मी स्वतः ऑफिसात रोज विचारते. रोज. कुणाचाही प्रोग्रॅम बिघडला की मी खुर्ची फिरवून पहिलं हेच विचारते, काल कुणी हात लावला? मुलं मला त्यावरून चिडवतात. आणि त्या दिवशी मी तेच वाक्य ऐकून पोळ्या लाटत राहिले.

पण मनात पाल चुकचुकली होती. नाही कशी चुकचुकणार? गुरुवारी हे दोघं बाहेर वायर आणायला गेले तेव्हा मी उजव्या चाकापाशी जाऊन बसले. हात आत घातला. बोटाला दोरा लागला. गाठ लागली. एक ओढ दिली असती की संपलं होतं. पण हात चालेना. बांधण्याआधी काही झालं असतं तर ते नशीब. आता काढल्यावर काही झालं तर ते मी केलेलं. मकरंद वर आहे, दोनच दिवे लागलेत, तो विचार करतोय, आणि खाली मी हातात दोरा घेऊन उभी आहे. हे चित्र इतकं स्पष्ट दिसलं की मी हात बाहेर काढला आणि जाता जाता गाठ जरा घट्टच केली.

शनिवार उजाडला. मकरंदने दाढी केली, ती दोन ठिकाणी कापली. सासूबाई शिऱ्याचा डबा घेऊन आमच्याबरोबर आल्या. साहेबांना काहीतरी गोड द्यावं, म्हणाल्या. साहेब आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, खिशाला टॉर्च. अस्सल पुण्याचे.

"चहा घेणार का साहेब?" सलीमभाईंनी विचारलं.

"चहा घरी मिळतो. चाकं दाखवा."

सगळं बघून झालं. पंख, शेपूट, इंजिन. प्रत्येक गोष्टीला साहेब हं म्हणत होते आणि प्रत्येक हं बरोबर मकरंद थोडा उंच होत होता. मग चाकं. वर. पोटात. आता खाली. डावा हिरवा. पुढचा हिरवा. उजवा नाही. पंप आपला घोंगावतोय.

साहेबांनी हात वर केला. मकरंदने पंप बंद केला. शेडमध्ये एकदम इतकं शांत झालं की शिऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलेलं ऐकू आलं.

"काय काय तपासलंत?"

मकरंदने सांगितलं. पंप, सील, दिवा, वायरिंग, तेल. एकेक शब्दाला त्याचा आवाज खाली येत होता.

"आणि गुडघा?"

सलीमभाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही.

"म्हणजे सगळं घर धुंडाळलंत, फक्त कुलूप बघितलं नाहीत," साहेब म्हणाले. ते खाली बसले, चिंधीने ग्रीस पुसलं, टॉर्च मारला. मग सलीमभाईंकडे हात पुढे केला. सलीमभाईंनी पक्कड दिली. साहेबांनी आत काहीतरी धरून ओढलं, कापलं, आणि बाहेर काढून सगळ्यांसमोर धरलं. तेलाने निथळणारा काळा दोरा. चेपलेला मणी.

"हे कुठल्या नकाशात आहे?"

"नकाशात नाहीये," मकरंद म्हणाला.

"ते मलाही कळलं. गुडघ्याच्या सांध्यात हा मणी बसलाय. केसभर जागा राहते. तेवढीच कमी पडते. पाय सरळ दिसतो, पण अडकत नाही. याच्यावर विमान टेकलं असतं तर उजवीकडे बसलं असतं, उंटासारखं. कोणी बांधलं?"

मकरंदने सावकाश मान वळवली. माझ्याकडे नाही. सासूबाईंकडे.

"आई, अगं तुला सांगितलं होतं ना…"

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी बांधलं असतं तर समोर बांधलं असतं. लिंबासकट."

इथे मला बोलायची संधी होती. सरळ, स्वच्छ संधी. आणि मी बोलले. पण काय बोलले ते ऐका. मी म्हणाले, "असू द्या हो. आईंनी चांगल्या मनानेच केलं असेल."

माझ्याच तोंडून निघालं हे. आजही आठवलं की भांडी जरा जोरात घासली जातात.

सासूबाईंनी शिऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. साहेब परत वाकले होते. त्यांनी पक्कड आत घातली आणि दुसरा दोरा काढला.

"चांगलं मन दोनदा झालंय," ते म्हणाले.

तेवढ्यात इरा पुढे आली. तिने दोरा निरखून बघितला आणि अगदी मदत करायच्या सुरात साहेबांना म्हणाली, "हा आईचा आहे. माझ्याकडे पण आहे असाच." आणि तिने चप्पल काढून डावा पाय उचलून दाखवला.

सगळ्यांनी आधी तिच्या पायाकडे बघितलं. मग साहेबांच्या हाताकडे. मग माझ्याकडे. तोच दोरा, तोच मणी, तशीच गाठ.

"ती फॅशन आहे साहेब," सासूबाई म्हणाल्या. "हल्ली सगळीच विमानं घालतात."

सलीमभाई पाठ फिरवून भिंतीकडे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांचा चेहरा इस्त्रीचाच राहिला. "पुन्हा लावा," ते म्हणाले.

मकरंदने कळ दाबली. पाय वर. पोटात. खाली. डावा हिरवा. पुढचा हिरवा. उजवा हिरवा. आणि पंप टक् करून आपणहून थांबला. साहेबांनी पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. दर वेळी तीन दिवे. मग पंप बंद ठेवून चाकं नुसती स्वतःच्या वजनाने खाली पाडायला लावली. तरी तीन दिवे.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "हलवा धावपट्टीवर. या दोऱ्याचं काय लिहू?"

"बाहेरची वस्तू आत अडकली होती, असं लिहा," मकरंद म्हणाला.

"बाहेरची कुठे? घरचीच दिसतेय." एवढं बोलून त्यांनी सासूबाईंकडून शिरा घेतला आणि चमच्याने शेवटपर्यंत खाल्ला.

मकरंद मला रागावेल अशी माझी तयारी होती. रागावला नाही. तो पंखाखाली जमिनीवर बसला होता, उजव्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि बोटांनी नुसता तो सांधा पुसत होता. मी जवळ गेले. म्हटलं, "अरे, मला रात्रीची झोप लागत नव्हती."

सासूबाई तिथेच होत्या. अहो म्हणायचं विसरले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मला पण लागत नव्हती," मकरंद म्हणाला. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय."

याच्यापेक्षा रागावला असता तर बरं झालं असतं.

सलीमभाईंची मी माफी मागितली. त्यांच्या वेल्डिंगला नावं ठेवली म्हणून. ते म्हणाले, "सोडा वहिनी. पण पर्मनंटचं कॅन्सल."

राहिली इरा. मी विचार केला, बाकीच्यांचं राहू दे, या मुलीला तरी नीट समजलं पाहिजे. नाहीतर हिच्या मनात काय राहील? मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळं खरं सांगितलं. की आईला काळजी वाटत होती. म्हणून आईने दोरा बांधला. पण दोऱ्याने काळजी जात नाही. उलट त्या दोऱ्यामुळेच विमानाचा पाय पुरता सरळ होत नव्हता, आणि बाबांना वाटलं विमान वाईट आहे. विमान चांगलंच होतं. आईचं चुकलं.

मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. असू दे आई, म्हणेल. इराने विमानाच्या उजव्या पायाकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या पायाकडे. तिच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे मी शेवटची आले ते तुझ्यामुळे," ती म्हणाली. "माझा पण काढ. आणि बाईंना सांग, शर्यत परत घ्या."